माळ्यावरची कॉमिक्स आणि अमेरिकेतले भाव: पेटी उघडण्यापासून पार्सल करण्यापर्यंत

मार्च २०१० मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची दहापैकी ८.५ दर्जाची एक प्रत १५ लाख डॉलरला गेली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच दर्जाच्या प्रतीला साडेबत्तीस लाख आले आणि एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५० कोटी रुपये. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो हा अंक. जून १९३८ ची तारीख आणि दहा सेंट किंमत त्यावर छापलेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ मालिकेचा पहिला अंक, दर्जा ९.०, लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. ती प्रत कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली खोक्यात पडून होती.

अशी बातमी मोबाइलवर आली की घरातली लोखंडी पेटी आठवतेच. त्यात वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, असतो, मँड्रेक असतो, बहादूर असतो, कुणाकडे हिंदीतला नागराज आणि चाचा चौधरीही असतात. पण त्या बातमीतली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. उत्तर कॅलिफोर्नियातला तो माळा वर्षभर थंड असतो. आपल्याकडे टिनाच्या छपराखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. एकच अंक, एकच वय, पण कागद ठेवला कुठे यावर दर्जा ठरतो आणि पैसे दर्जाचे मिळतात. म्हणून या लेखात विकण्यापेक्षा सांभाळण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

प्लॅस्टिकच्या डबीने भाव का वाढतो

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅरासोटा गावी सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्स तपासून दर्जा देते. अंक तिथे गेला की पानं मोजतात, दुरुस्ती झाली आहे का ते पाहतात, एकापेक्षा जास्त तपासनीस तो बघतात. मग ०.५ ते १० या पट्टीवर आकडा देऊन अंक कडक पारदर्शक डबीत सीलबंद करतात. या डबीला तिकडे ‘स्लॅब’ म्हणतात. वरच्या लेबलचा रंगही बोलतो. निळं म्हणजे साधा दर्जा, जांभळं म्हणजे अंकावर दुरुस्ती झालेली, पिवळं म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर सही झालेली, हिरवं म्हणजे एखादा ठळक दोष बाजूला ठेवून दिलेला दर्जा.

डबीमुळे कागद चांगला होत नाही. फरक पडतो तो विश्वासात. नागपूरचा विकणारा आणि न्यूयॉर्कचा घेणारा यांना अंक हातात न घेता एकच आकडा मान्य होतो. मग तोच दर्जा मागच्या वेळी कितीला गेला हे बघून बोली लागते आणि भाव पायरीपायरीने चढतो. शिवाय कोणत्या अंकाच्या कोणत्या दर्जाच्या किती प्रती तपासल्या गेल्या याची मोजदाद कंपनी संकेतस्थळावर उघडी ठेवते. वरच्या दर्जाच्या प्रती मोजक्या दिसल्या की ओढाताण होते. त्यामुळे ९.४ आणि ९.८ यांत डोळ्याला जेमतेम दिसणारा फरक असतो, पण किंमत कितीतरी पट होते.

हे सगळं सरसकट लागू होत नाही. २०२० ते २०२२ च्या काळात लोक घरात बसले होते, सिनेमांच्या घोषणा होत होत्या, तेव्हा साध्या नव्या अंकांनाही भाव आले. २०२२ नंतर त्यातले पुष्कळ उतरले. टिकले ते मुळात दुर्मीळ आणि पात्राच्या पहिल्या अवतारामुळे महत्त्वाचे असलेले. आपल्या पेटीला हाच नियम लावायचा.

आधी वही, मग भाव

पेटी उघडली की पहिलं काम यादीचं. विकत घेणारा दारात येऊन ‘पूर्ण गठ्ठा द्या, एकच आकडा सांगा’ म्हणाला तर यादी होईस्तोवर हो म्हणू नका. शंभरातले नव्वद अंक साधे आणि दहा चांगले असतात आणि गठ्ठ्याचा भाव नेहमी नव्वदांच्या हिशेबाने लागतो. आणि पेटी एकत्र घरातली असेल तर काका, आत्या, चुलतभाऊ यांना आधी विचारा. पहिल्या पानावर कुणाचं नाव शाईने लिहिलंय तेही बघा.

वहीत सात रकाने पाडा: मालिका, क्रमांक, भाषा, तारीख, छापील किंमत, पानांची संख्या, दोष. पानं खरोखर मोजायची. मधलं जोडपान, म्हणजे पिनांच्या मधोमध उघडणारं, बहुतेक वेळा आधी सुटतं आणि ते नसलं तर अंक अपुरा.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत काढली. पहिला अंक वेताळाचा, किंमत ६० पैसे. सुरुवातीचे बत्तीसही अंक वेताळाचेच. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असा वेग वाढत गेला, म्हणून ऐंशीच्या दशकातले अंक ढिगाने सापडतात आणि साठच्या दशकातले मोजके. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये आला. त्याचा पहिला अंक वेगळा काढून ठेवा. नंतरच्या काळात सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक असा क्रमांक छापू लागले. वहीत तो जसा छापलाय तसाच उतरवा, स्वतः हिशेब करून बदलू नका.

अमर चित्र कथेत लोक सर्वांत जास्त फसतात. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका सतत पुन्हा छापली गेली. ‘कृष्ण’ हा पौराणिक मालिकेतला पहिला अंक. त्याचा क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना गेले होते. पण क्रमांक ११ दिसला म्हणजे पहिली आवृत्ती हाती लागली असं नाही. छापील किंमत, मागच्या पानावर दिलेल्या इतर अंकांची यादी आणि आतला पत्ता बघा. यादीत शंभराव्या क्रमांकाच्या पुढची नावं असतील तर तो अंक १९६७ चा नाही, एवढं सरळ आहे.

नागराज काढणाऱ्या राज कॉमिक्सच्या काही अंकांसोबत स्टिकर किंवा कार्ड फुकट मिळायचं. ते आत असेल तर तसंच राहू द्या, काढून वेगळं ठेवू नका. चांदोबा हे कथामासिक आहे, कॉमिक्स नाही. त्याचे वेगळे चाहते आहेत, म्हणून वहीही वेगळी करा.

वाचनालयाचा शिक्का असलेल्या अंकांबद्दल जपून राहा. सार्वजनिक वाचनालयं जुने अंक निर्लेखित करून विकतात, तेव्हा नोंद होते आणि बहुधा रद्दचा शिक्का पडतो. तो नसेल तर वाचनालयात विचारून दोन ओळींचं पत्र घ्या. दुसऱ्याचा अंक पन्नास वर्षं घरात राहिला म्हणून आपला होत नाही, आणि घेणाराही हा प्रश्न विचारतोच.

दर्जा घरी कसा बघायचा

सकाळी आठ-नऊचा उजेड, ओसरीत टेबल, त्यावर पांढरी स्वच्छ चादर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे. हातमोजे नकोत, त्यात पानाची कड कळत नाही आणि फाटते. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल त्याला हे काम देऊ नका.

पहिल्यांदा अंक बंद ठेवून बघा. मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून, उजेड आडवा पाठीवर सोडा, म्हणजे जिथे घडी आणि पिना असतात त्या कडेवर. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणारी पाठ आडव्या उजेडात खरी दिसते. पिनांच्या आसपास आडव्या, नखाच्या ओरखड्याएवढ्या रेघा उमटतात. अंक वाचताना उघडून मागे दुमडला की ही रेघ पडते. तिच्यात रंग तुटून पांढरं दिसत असेल तर ती मोठी, रंग शाबूत असून नुसता वळ असेल तर ती लहान. अशा रेघा मोजा. एक-दोन बारीक असतील आणि बाकी सगळं नवं असेल तरच नऊच्या वरची भाषा करायची. रेघा सहा-सात झाल्या, कोपरे किंचित बोथट झाले की आठच्या आसपास. एखादी स्पष्ट घडी, थोडा मळ, पण अंक टणक, तर सहा. वाचून वाचून मऊ झालेला, पण पूर्ण, तो चार. फाटका, डागाळलेला, तरी एकही पान न गेलेला, तो दोन. पान किंवा कूपन कापलेलं असेल तर मुखपृष्ठ कितीही देखणं असो, तळाला जातो.

आपल्याकडच्या अंकांत कूपन कापण्याचं प्रमाण फार. शब्दकोडं सोडवलेलं, चित्रात रंग भरलेले, वेताळाला पेनाने मिश्या काढलेल्या, हेही असतं. हे सगळं दोषाच्या रकान्यात लिहा.

मग पानांचा रंग. पांढरा, मळकट पांढरा, साय रंगाचा, पिवळा, तपकिरी आणि शेवटी ठिसूळ. ठिसूळ आहे का हे बघण्यासाठी कोपरा दुमडून पाहू नका, तुटेल. पान उलटताना कडकड आवाज येतो का आणि चादरीवर कागदाचा चुरा पडतो का ते बघा.

बांधणी केलेले खंड हा विदर्भातल्या घरांचा आणि वाचनालयांचा खास मामला. वर्षभराचे अंक पुठ्ठ्यात शिवून घ्यायचे, त्यात बाइंडर तीन कडा यंत्राने कापून सरळ करायचा. कापलेला अंक दर्जात खाली जातो, कारण मूळ मापच राहत नाही. माप बघायचं तर त्याच वर्षाचा न शिवलेला अंक शेजारी ठेवून पट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटरही पुरतात. पण खंड उसवू नका. उसवलेले अंक पाठीत भोकं आणि गोंद घेऊन बाहेर येतात, त्यापेक्षा सलग वर्षाचा धड खंड वाचणाऱ्याला जास्त हवा असतो.

खोटा अंक ओळखायला घड्याळजीकडचं किंवा सराफाकडचं दहापट भिंग पुरतं. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत ते फवारल्यासारखे विस्कटलेले असतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या अंकात अक्षरांची काळी कड कापल्यासारखी स्पष्ट नसते, तीही ठिपक्यांची बनलेली असते. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर अंधारात आतल्या पानावर मारा. साठच्या दशकातला वर्तमानपत्री कागद बहुधा मंद राहतो, आजचा पांढरा कागद निळसर चमकतो.

स्वतः दर्जा लावताना एक पायरी खालचाच सांगा. घरचं लेकरू सगळ्यांना गोरं वाटतं.

कागदाचे विदर्भातले शत्रू

कॉमिक्सचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल तयार होत राहतं आणि तेच त्याला पिवळा करून तोडतं. उष्णतेने हा वेग वाढतो. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट होते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, बाहेर ४५-४६ अंश असताना टिनाखाली त्याहून वर जातं. म्हणून पहिला नियम: माळा रिकामा करा. मातीच्या जाड भिंतींची आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लोखंडी कपाट, त्याचा मधला कप्पा, ही गावातल्या घरातली सर्वांत चांगली जागा.

दुसरा शत्रू कूलर, आणि याकडे कुणी बघत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा मोठा कूलर खोली थंड करतो तो पाणी हवेत सोडून. एप्रिलपर्यंत कोरडा असलेला कागद मेमध्ये कूलरच्या खोलीत फुगतो, रात्री कूलर बंद झाला की आकसतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने मुखपृष्ठ वळतं आणि पिनांजवळ फाटतं. कॉमिक्सचं कपाट कूलरच्या झोतात तर नकोच, त्या खोलीतही नको.

तिसरा पावसाळा. झड लागली की चार-सहा दिवस ऊन नाही, सारवलेली जमीन ओलसर, भिंती घाम फुटल्यासारख्या. पिनांना गंज चढतो आणि तो कागदात तांबूस उतरतो. एकदा उतरलेला गंजाचा डाग घरी निघत नाही.

आणि उधई, म्हणजे वाळवी. ती खालून, भिंतीतून येते, म्हणून लाकडी फडताळ आणि जमिनीवरची पेटी दोन्ही धोक्याची. कपाट जमिनीपासून सहा-आठ इंच वर, विटांवर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं लांब. महिन्यातून एकदा मागे टॉर्च मारून मातीची नळी दिसते का बघा. वर्धा, वैनगंगेच्या काठच्या गावांत पुराची सवय असते, तिथे खालचा कप्पा रिकामाच ठेवायचा.

डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ कागदात मुरते, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि काही प्लॅस्टिक मऊ पडतात. कडुनिंबाचा पाला घालायची पद्धत आहे, पण पाला ओला असतो. धान्याला चालतं म्हणून कागदाला चालेल असं नाही.

पिशवी, पुठ्ठा, डबा

प्रत्येक अंकाला स्वतंत्र पिशवी आणि मागे ताठ पुठ्ठा. पिशवी पॉलिप्रॉपिलिनची किंवा पॉलिएस्टरची चालते, पीव्हीसीची चालत नाही. तयार कपड्यांच्या दुकानात शर्टाला येणारी कुरकुरीत पारदर्शक पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते. मऊ, चिकटसर आणि नव्या रेक्झीनसारखा वास येणारी पीव्हीसीची समजा. खात्री करायची तर पिशवीचा नखाएवढा तुकडा वाटीभर पाण्यात साबणाचा थेंब टाकून बुडवा, बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिप्रॉपिलिन वर येतं, पीव्हीसी तळाला जातं. पॉलिएस्टरही तळाला जातं, पण ते काचेसारखं ताठ आणि स्वच्छ असतं, त्याचा घोटाळा होत नाही.

पुठ्ठ्यात चूक जास्त महाग पडते. साडीच्या किंवा बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आम्लयुक्त असतो आणि दोन-तीन वर्षांत मागच्या मुखपृष्ठावर तपकिरी सावली पाडतो. अमरावती-नागपूरकडे फोटो फ्रेम करणाऱ्यांकडे आम्लरहित माउंट बोर्ड मिळतो. मोठी शीट घेऊन पिशवीच्या मापाने, अंकापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठे तुकडे कापून घ्या. शंभर अंकांना एक दुपार पुरते.

पिशवीचं तोंड मागच्या बाजूने दुमडून चिकटपट्टी लावा. आणि अंक बाहेर काढताना ती पट्टी आधी पूर्ण काढून टाका. पिशवीवर राहिलेल्या पट्टीला मुखपृष्ठ चिकटून ओरखडा निघणं हा अगदी नेहमीचा अपघात आहे, आणि तो सर्वांत चांगल्या अंकाला होतो, कारण तोच लोकांना दाखवायला काढतात.

भरलेल्या पिशव्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात उभ्या ठेवा. इतक्या सैल नकोत की वाकतील, इतक्या घट्ट नकोत की ओढाव्या लागतील. ३०-४० लिटरच्या डब्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत घाला, अंकांना न चिकटता. नारिंगी मणी घ्या, ओल शोषली की त्यांचा रंग जातो किंवा हिरवट होतो. निळ्या मण्यांत कोबाल्ट असतं, घरात लेकरं असतील तर ते नकोच. मणी पुन्हा सुकवायला ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास लागतात. नवतपाच्या उन्हातही ते पुरते सुकत नाहीत. जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवत सुकवा आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.

डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मापक ठेवा, काही शे रुपयांत येतो. ४० ते ५५ टक्के ठीक. ६५ च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण, ३० च्या खाली गेलं की कागद ठिसूळ, म्हणून उन्हाळ्यात जेल निम्मी करा. मृग लागण्याआधी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा डबा उघडायचा, तोही कोरड्या दिवशी, दुपारी.

खराब झालेल्या अंकाचं काय

किडे दिसले, रुपेरी कसर किंवा भोकं, तर औषध फवारू नका. अंक पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या घट्ट पिशवीत, हवा दाबून काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव पडतं. मधे वीज इतका वेळ गेली की फ्रीझरमधला बर्फ सुटला, तर दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. अंडी मरतात ती सलग थंडीने.

बुरशी मखमली आणि ओली असेल तर अंक बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, सावलीत पंख्याखाली सुकवा, मग तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झाडा. उन्हात टाकू नका, रंग उडतो आणि पानं वळतात. डाग राहील, तो राहू द्या.

पावसाने भिजलेले, एकमेकांना चिकटलेले गुळगुळीत कागदाचे अंक ओढून सोडवू नका. दोन दिवसांत सुकवणं शक्य नसेल तर आहे तसे पिशवीत घालून गोठवा, म्हणजे सवडीने काम करता येतं.

चिकटपट्टी, इस्त्री, खोडरबर, ब्लीच आणि फेव्हिकॉल, या पाच वस्तूंनी जेवढे अंक घालवलेत तेवढे उधईनेही नसतील. फाटलेलं पान चिकटवलं की तो दोष कायमचा होतो, नुसतं फाटलेलं असेल तर दर्जा कमी मिळतो एवढंच. जुनी पट्टी काढायलाही जाऊ नका, तिच्यासोबत शाई येते. वळलेला अंक सरळ करायचा तर हिवाळ्यात, दोन कोऱ्या झेरॉक्स कागदांमध्ये ठेवून, वर सपाट फळी आणि चार-पाच किलो वजन, दोन आठवडे. इस्त्रीने तो सरळ होतो खरा, पण मुखपृष्ठाची चकाकी मरते आणि शाई शेजारच्या पानावर उतरते. तपासनिसाला ते पहिल्या नजरेत दिसतं.

तपासायला पाठवावं का

हिशेब करून बघू. समजा तपासणीची फी, दोन्हीकडचा टपालखर्च आणि विमा मिळून एका अंकामागे १२,००० रुपये जातात. उघडा अंक २,००० ला विकला जातोय. मग डबीतल्या अंकाला १४,००० मिळाले तर आपण जिथे होतो तिथेच, वर पाच-सहा महिन्यांची वाट आणि गहाळ होण्याची जोखीम. खरे आकडे पाठवण्याच्या दिवशी नव्याने घ्या, पण गणित असंच मांडा. एका वेळी दहा अंक पाठवले तर टपालखर्च वाटला जातो. म्हणून संग्राहक चार-पाच जण मिळून पाठवतात.

मराठी अंकाच्या बाबतीत आणखी एक अडचण. मोजदादीत एखाद्या अंकाच्या दोनच प्रती दिसल्या तर त्याचा अर्थ ‘दुर्मीळ’ असाही होतो आणि ‘कुणी पाठवतच नाही’ असाही. बोली लावायला निदान दोन माणसं हवीत. वेताळाचे चाहते ऑस्ट्रेलिया, स्वीडनसारख्या देशांत आहेत, त्यामुळे इंद्रजालचे पहिले अंक, बहादूरचा पहिला, असे मोजके अंक उत्तम स्थितीत असतील तर पाठवण्याला अर्थ आहे. सहाच्या खालच्या, ऐंशीच्या दशकातल्या अंकावर डबीचा खर्च करणं म्हणजे आठ आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पाठवायचंच ठरलं तर आपला अंक कंपनी घेते का हे आधी लिहून विचारा. टपालाची चौकशीही आधी करा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या शुल्काचे नियम बदलले तेव्हा भारतीय डाकने तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवली होती. बाहेर जाताना भरलेल्या सीमाशुल्क घोषणापत्राची प्रत, अंकाचे फोटो आणि पावती जपा. परत येताना ‘ही आमचीच वस्तू तपासून परत येतेय’ हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं.

डबीतला अंक विकत घेत असाल तर लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि फोटो असेल तर पाठीवरच्या रेघा, कोपरे जुळतात का ते पाहा. डबी उघडून आतला अंक बदलण्याचे प्रकार झालेले आहेत. कडांवर ओरखडे, धुरकट जोड, डबीत सैल हलणारा अंक, यातलं काही दिसलं तर सोडून द्या.

डबीशिवाय विकताना

परक्या माणसाने डोळे मिटून पैसे द्यावेत असं वर्णन लिहिता आलं की डबीचं बरंचसं काम घरीच होतं. आठ फोटो: पुढचं मुखपृष्ठ, मागचं, आडव्या उजेडात पाठ, दोन्ही पिना जवळून, मधलं जोडपान, प्रकाशनाची माहिती असलेलं पान, किंमत आणि क्रमांकाचा कोपरा, आणि सर्वांत वाईट दोष. शेवटचा फोटो विसरायचा नाही. वर्णनात ‘उत्तम’, ‘दुर्मीळ’ असले शब्द नकोत. ‘पानं पूर्ण, मधलं पान शाबूत, पाठीवर पाच रेघा, खालच्या पिनेला गंज, पान ७ वर पेनाने नाव’ असं लिहा. भाव ठरवताना लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, प्रत्यक्षात विकले गेलेले बघा. मागायला काय, कुणीही लाख मागतो.

पैसे घेताना एक गोष्ट पक्की धरा: यूपीआयवर पैसे यायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘पेमेंट अडकलं, कोड स्कॅन करा’ म्हणणारा गिऱ्हाईक नसतो. मोठ्या रकमेत खात्यात पैसे दिसल्यावरच पार्सल.

पार्सल असं बांधा. पिशवीतला अंक पुठ्ठ्यासकट दुसऱ्या प्लॅस्टिक पिशवीत, पाण्यासाठी. मग नालीदार खोक्याचे दोन तुकडे, अंकापेक्षा चारही बाजूंनी एक इंच मोठे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. असं केलं की पार्सल कुठल्याच दिशेने वाकत नाही. अंक एका तुकड्याला कागदी पट्ट्यांनी कोपऱ्यांवर अडकवा, चिकटपट्टी अंकाच्या पिशवीवर नको. दोन्ही तुकडे चारही बाजूंनी बंद करून वर पुन्हा प्लॅस्टिक. पत्ता आतही एका चिठ्ठीवर लिहा, पावसात बाहेरची शाई जाते. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिळवलंय, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि विम्याचं काउंटरवरच विचारा. गावातल्या शाखा डाकघरात विमा होत नसेल तर तालुक्याच्या डाकघरात द्या. सोमवारी किंवा मंगळवारी टाकलेलं पार्सल रविवारी कुठल्या गोदामात ओल्या पोत्यांखाली पडून राहत नाही.